बेळगावहून श्रीलंकेच्या किनाऱ्यावर: मित्रांची शनिवार-रविवारची सहल कशी आखावी

बेळगावच्या माणसाला समुद्र नवा नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा, आंबोली उतरली की सावंतवाडी आणि पुढं वेंगुर्ला, मालवण. तरी मित्रांच्या गटात कधी ना कधी कोणीतरी म्हणतंच, "या खेपेला देशाबाहेर जाऊया की!" अशा पहिल्या सहलीसाठी श्रीलंकेचा नैऋत्य किनारा मला सगळ्यात सोयीचा वाटतो. बेंगळुरूहून कोलंबोला विमान दीड तासाच्या आसपास पोचतं, घड्याळ बदलावं लागत नाही, गाड्याही आपल्यासारख्या डाव्या बाजूनं चालतात. दिवस मात्र दोन-तीनच मिळतात. म्हणून कागद वेळेत नीट करा, किनारा एकच निवडा आणि समुद्र ओळखून पाण्यात उतरा. एवढं केलं की बाकीचं जमून जातं.

आधी महिना ठरवा, मग तारीख

ज्या नैऋत्य मोसमी पावसात जूनला खानापूरची जंगलं भिजतात, तोच पाऊस त्याआधी श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर पोचलेला असतो. मे ते सप्टेंबर तिथला समुद्र खवळलेला असतो. म्हणून मेच्या सुट्टीत हिक्कडुवा, मिरिस्सा हे तिथले किनारे नकोत. डिसेंबर ते मार्च हा चांगला काळ, त्यातही संक्रांत ते होळी उत्तम. उन्हाळ्यात पूर्वेकडचे त्रिंकोमाली, अरुगम बे हे किनारे शांत असतात, पण विमानतळापासून तिथं पोचायला अर्धा दिवस जातो. दोन दिवसांच्या सहलीत ते परवडत नाही.

तारीख पक्की करण्यापूर्वी कॅलेंडरात पौर्णिमा बघा. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमा ही 'पोया' म्हणून सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी दारूविक्री बंद, मांसविक्रीही बंद, आणि देवळांकडं जाणाऱ्या रस्त्यांवर गर्दी. ज्यांना देवळं बघायची आहेत त्यांनी मुद्दाम हाच दिवस साधावा, बाकीच्यांनी टाळावा.

कागदपत्रं: आपल्या भागात इथंच घोळ होतो

पासपोर्ट पोचण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने चालणारा हवा. ज्यांच्याकडं नाही त्यांच्यासाठी बेळगावातच पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा, वेळ घ्यायची आणि मूळ कागद घेऊन जायचं.

सीमाभागातल्या मराठी घरांमध्ये एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेनं असतं. दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर वडिलांचं नाव गाळलेलं, मतदार यादीत कन्नड नोंदीवरून इंग्रजीत उतरवलेलं. ज्ञानेश्वर हे नाव मराठी वळणानं 'डी'पासून सुरू होतं आणि कन्नड वळणानं 'जे'पासून. शिवाय शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्यामुळं जुन्या कागदांवर बेळगाव आणि नव्यांवर बेळगावी. गावाच्या या फरकाची फार काळजी करू नका. स्वतःच्या नावातला फरक मात्र अर्ज करण्यापूर्वी मिटवा, निदान आधार आणि दहावीचा दाखला एकसारखे करून घ्या. नोकरीसाठी पुण्यात किंवा बेंगळुरूत राहणाऱ्या मित्रानं अर्जात सध्या राहतो तोच पत्ता द्यावा. पोलीस चौकशीला त्या पत्त्यावर माणूस सापडला नाही की अर्ज अडकून पडतो.

पासपोर्ट हातात आला की त्यावरच्या अक्षरांबरहुकूम तिकीट काढा. घरात हाक मारतात ते नाव किंवा ऑफिसच्या ओळखपत्रावरचं नाव तिकिटात चालत नाही. सगळ्यांची तिकिटं एकानंच काढायची असतील तर त्यानं प्रत्येकाकडून पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागवावा, फोनवर स्पेलिंग विचारत बसू नये.

श्रीलंकेत शिरण्यासाठी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी असते. तिचं शुल्क आणि नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर बघा आणि अर्जही तिथंच करा. सरकारी वाटावीत अशी खाजगी संकेतस्थळं जादा पैसे घेतात. प्रवास विमाही याच वेळी काढून टाका.

पैसे

आपल्याकडं भिशीची सवय आहेच, तिचा उपयोग करा. सहा महिने आधीपासून दरमहा ठरावीक रक्कम एकाकडं जमवली तर ऐनवेळी "माझं जमत नाही रे" म्हणणारा मित्र मागं राहत नाही. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. गटातला ज्याचा पगार कमी, त्याला झेपेल असंच हॉटेल ठरवावं.

आपल्या एका रुपयाला तिकडचे तीनाहून जास्त रुपये मिळतात, त्यामुळं आकडे मोठे दिसतात. दचकू नका, मनात भागाकार करा. थोडे पैसे कोलंबो विमानतळावरच्या बँकांच्या काउंटरवर बदलून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत भारतीय यूपीआय सुरू झालं आहे, पण प्रत्येक टपरीवर चालेल असं धरून चालू नका. रिक्षाला तिथं टुकटुक म्हणतात. पिकमी या तिथल्या ॲपवर भाडं आधीच दिसतं.

निघायचं कसं

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी विमान नाही, म्हणून बेंगळुरू गाठायचं. गुरुवारी रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं किंवा स्लीपर बसनं निघा, शुक्रवारी दुपारचं विमान धरा. म्हणजे शुक्रवारची रजा लागणारच. विमानतळ शहराबाहेर देवनहळ्ळीला आहे. स्टेशनवरून तिथं जायचा वेळ आणि उड्डाणापूर्वीचे तीन तास धरूनच विमान निवडा. सकाळचं स्वस्त विमान बघून मोह होतो, पण गाडीला उशीर झाला तर सगळा गट अडकतो.

किनारा एकच

कोलंबोचा विमानतळ कटुनायकेला आहे, आणि नेगोंबोचा किनारा तिथून अगदी जवळ. विमान रात्री उतरत असेल तर पहिला मुक्काम तिथंच करा. दुपारी उतरत असेल तर द्रुतगती मार्गानं गाडीनं दक्षिणेच्या गॉल शहराकडं निघा, साधारण अडीच तास लागतात. वेळ हाताशी असेल तर कोलंबो फोर्ट स्टेशनवरून गॉलची रेल्वे घ्या आणि उजव्या बाजूला बसा. रूळ समुद्राच्या इतके कडेनं जातात की लाटा खिडकीतून दिसतात.

गटात पोहता न येणारे असतील तर गॉलजवळचं उनावटुना निवडा. तिथली खाडी अर्धगोल आणि बरीचशी आडोशाची आहे. देवमासे बघायचे असतील तर मिरिस्सा. नोव्हेंबर ते एप्रिल तिथून पहाटे बोटी सुटतात आणि निळा देवमासाही दिसू शकतो. हिक्कडुव्याला प्रवाळ आणि कासवं आहेत. प्रवाळावर पाय देऊ नका, आणि प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालून आणणं हा गुन्हा आहे. तिन्ही ठिकाणं एका सहलीत बसवायला गेलात तर सहल गाडीतच संपते. संध्याकाळ मोकळी असेल तर गॉलच्या किल्ल्याच्या तटावरून फिरा. पोर्तुगीजांनी सुरू केलेला आणि डचांनी मजबूत केलेला हा किल्ला १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. राजहंसगड आणि पारगड पायाखाली घातलेल्यांना समुद्राला भिडलेला असा तट नक्की आवडेल.

स्कूटर भाड्यानं घेऊ नका. आपल्या लायसन्सवर तिथं थेट गाडी चालवता येत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसेही मिळत नाहीत.

पाण्यात उतरताना

हा भाग गटात मोठ्यानं वाचून दाखवा. आपल्यातले बरेचजण शेतातल्या विहिरीत, नाहीतर मलप्रभा-घटप्रभेच्या पात्रात पोहायला शिकलेले. विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं पाणी माणसाला ओढून नेतं. लाटांनी किनाऱ्यावर आलेलं पाणी परत आत जाताना एखाद्या अरुंद वाटेनं जोरात जातं. ही ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत नेते.

ती ओळखायची कशी? उतरण्यापूर्वी दहा मिनिटं किनाऱ्यावर उभं राहून बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला एक पट्टा शांत, गडद दिसतोय, फेस आत चाललाय, तर ती ओढीची वाट. नवख्या माणसाला नेमकी तीच शांत जागा सुरक्षित वाटते. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं धडपडू नका, त्यात दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, मग लाटांबरोबर बाहेर या. तेवढी ताकद नसेल तर पाठीवर तरंगत राहा आणि हात वर करून हाक मारा. बाहेरच्यांनी त्याच्यामागं उडी मारायची नाही. रिकामा कॅन, सर्फबोर्ड, जे तरंगेल ते त्याच्याकडं फेका आणि जीवरक्षकाला बोलवा.

लाल झेंडा असेल तर पाण्यात पाय घालू नका. दारू पिऊन पाण्यात उतरायचं नाही, अंधारात तर नाहीच. एकजण कायम किनाऱ्यावर राहील अशी पाळी लावा. रुग्णवाहिकेसाठी १९९० हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. ही सेवा मोफत आहे आणि २०१६ मध्ये भारताच्या मदतीनं सुरू झाली.

ऊन आणि जेवण

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, आपल्याला रात्रीच्या गारव्याची सवय. तिथं रात्रीही घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. सकाळी नऊच्या आत आणि चारनंतर समुद्र, मधला वेळ सावलीत. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घ्या, ओआरएसच्या पुड्या घ्या, आणि तंबिली म्हणजे तिथलं केशरी शहाळं दिसेल तिथं प्या. कोणी भोवळ येऊन असंबद्ध बोलू लागला तर त्याला सावलीत नेऊन अंग ओलं करा, वारा घाला आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा.

शाकाहारी मित्रांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. खोबऱ्याची तिखट चटणी, पोल सांबोल, दिसायला शाकाहारी, पण तिच्यात बऱ्याचदा सुक्या माशाचे तुकडे असतात. त्यांना उंबलकडा म्हणतात, तो नको असं सांगितलं की समजतं. डाळ, भात, इडियाप्पमसारखे शेवयांचे वेढे आणि अप्पम सगळीकडं मिळतात. तरी पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असू द्या, मध्यरात्री लागलेल्या भुकेला तीच कामाला येते.

देवळात गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडं पाठ करून फोटो काढू नका. तिथल्या लोकांना ते फार लागतं आणि पोलिसांपर्यंत प्रकरण जातं.

परत येताना

रविवारी सकाळचं पोहणं लवकर आटपा. दक्षिणेकडून विमानतळावर पोचायला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा दोन तास जास्त धरून निघा, कोलंबोच्या वेशीवर गाड्या तुंबतात. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. बेंगळुरूला उतरल्यावर त्या रात्रीची बेळगावची गाडी पकडणं बेताचं असेल तर सोमवारी सकाळचं आरक्षण आधीच करून ठेवा. भिशीचा हिशेब बेंगळुरूच्या विमानतळावर, सगळे एकत्र असतानाच मिटवा आणि उरलेले पैसे तिथंच वाटून टाका.