इंग्रजीच्या निबंधात गोष्ट सांगत बसू नका, आणि अजून काही चुका टाळा

हायस्कूलच्या मुलांचे इंग्रजी लिटरेचरचे निबंध मी बरीच वर्षं तपासतेय आणि आता पहिल्या पाच ओळीत कळतं की या पोराने पुस्तक वाचलंय की नुसता वास घेतलाय. सगळे म्हणतात मॅडम माझं रायटिंग कच्चं आहे. रायटिंग नाही रे बाबा, वाचन कच्चं आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पुस्तकाऐवजी पिक्चर बघून किंवा समरी वाचून लिहायला बसणं. एका मुलाने फ्रँकेन्स्टाईनवर निबंध दिला होता, अक्षर सुंदर, स्पेलिंगची एक चूक नाही, आणि दुसऱ्याच ओळीत शास्त्रज्ञाचं नाव हेन्री फ्रँकेन्स्टाईन! मी चष्मा पुसून परत वाचलं. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत तो व्हिक्टर आहे, हेन्री हा त्याचा मित्र. १९३१ च्या पिक्चरवाल्यांनी ही नावं उलटी केली, म्हणजे चोरी तिथेच पकडली गेली. पुढे कुबड असलेला मदतनीस आला, त्याने चुकीचा मेंदू चोरून आणला वगैरे. पुस्तकात मदतनीस कोणी नाहीच, व्हिक्टर एकटाच लपूनछपून काम करतो.

पण नावं सोडा, खरी गंमत पुढे आहे. त्या मुलाचा मुख्य मुद्दा होता की शास्त्रज्ञाने बनवलेल्या राक्षसाला बोलता येत नाही म्हणून माणसं त्याला समजून घेत नाहीत. ऐकायला छान वाटतं ना? पुस्तकात बरोब्बर उलटं आहे. तो एका झोपडीशेजारी लपून, आतल्या माणसांचं ऐकून ऐकून भाषा शिकतो, मिल्टनचं पॅराडाईज लॉस्ट हे महाकाव्य वाचतो आणि स्वतःला बनवणाऱ्याशी असा काही वाद घालतो की वाचणारा त्याच्या बाजूचा होतो. एवढं बोलता येऊनही त्याला हाकलतात ते त्याच्या रूपामुळे, आणि त्याचं शांतपणे ऐकून घेणारा माणूस कोण तर एक आंधळा म्हातारा. लेखिकेने पूर्ण डाव यावर मांडलाय आणि आमच्या हिरोने तोच उडवला. विचारलं तर म्हणे, मॅडम पिक्चर पण त्याच पुस्तकावर आहे ना. आता काय बोलणार!

एआयकडून काढलेल्या समरीचंही तेच. समरीत काय घडलं ते असतं, कसं सांगितलंय ते नसतं, आणि मार्क तर त्याचेच असतात. माझी सवय सांगते, पुस्तक दोनदा वाचायचं, पहिल्यांदा गोष्टीसाठी आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, जिथे अडखळाल तिथे कडेला नुसतं "का?" लिहायचं. हायलायटर मला अजिबात आवडत नाही, पान पिवळं होतं आणि आपल्याला वाटतं अभ्यास झाला. वेळच नसेल तर एकच महत्त्वाचा प्रसंग तीनदा वाचा, तो दहा समऱ्यांना भारी पडतो.

दुसरी माझी नावडती चूक, गोष्ट सांगत सुटणं. मग तो तिथे गेला, मग ती म्हणाली, मग ते दोघं मेले. अरे तपासणाऱ्याने वाचलंय ते पुस्तक! तुम्हाला काय म्हणायचंय ते सांगा. माझी साधी परीक्षा अशी की तुमचं मुख्य वाक्य पुस्तक वाचलेल्या मित्राला ऐकवा, त्याला "मला नाही पटत" म्हणता आलं पाहिजे. "ज्युलिएटचं रोमिओवर प्रेम आहे" यावर कोण भांडणार? "बाल्कनीच्या प्रसंगात रोमिओपेक्षा ज्युलिएट जास्त व्यवहारी आहे" म्हणा, आता भांडण आहे. आणि पुरावाही तिथेच पडलाय, तो चंद्राची शपथ घ्यायला जातो तर ती म्हणते नको, चंद्र दर महिन्याला बदलतो. हे सगळं फार घाईत होतंय असंही तीच म्हणते आणि लग्नाचा निरोप उद्या पाठव हेही तीच सांगते. (त्याच प्रसंगात "रोमिओ, तू कुठे आहेस" असं ती विचारत नाही बरं का, तिथला "wherefore" हा जुना शब्द "का" विचारणारा आहे, तू रोमिओच का असावास, म्हणजे शत्रूच्या घरातला का. यावर दरवर्षी निदान तीन जण घसरतात.)

आणि पुस्तकातल्या ओळी कोट करून पळून जाऊ नका. चार ओळी उतरवायच्या आणि खाली "यावरून तिचा स्वभाव दिसतो", कुठून दिसतो? अर्धीच ओळ घ्या, त्यातला एक शब्द पकडा आणि तोच का वापरला यावर दोन-तीन वाक्यं लिहा. चंद्राचंच घ्या, ज्या गोष्टीची लोक कवितेत शपथा घेतात तीच तिला बेभरवशाची वाटते, झाला की तुमचा पॅराग्राफ.

बाकीच्या चुका पटापट. कवितेतला "मी" म्हणजे कवी असं धरून चालू नका. पुस्तकातल्या घटना इंग्रजीत वर्तमानकाळात लिहितात, मध्येच भूतकाळात उडी नको. नाटकाला कादंबरी म्हणू नका, माझं डोकं उठतं. थीम म्हणजे "प्रेम" हा एक शब्द नाही, प्रेमाबद्दल ते पुस्तक काय म्हणतंय ते लिहा. प्रत्येक पडद्याचा रंग हे सिंबॉल नसतं, कधी कधी तो नुसता पडदा असतो. डिक्शनरीतून शोधलेले जड शब्द चिकटवू नका, उधारीचा कोट अंगावर लगेच ओळखू येतो. "अनादी काळापासून मानव..." अशी सुरुवात दिसली की मी पेन खाली ठेवून चहा करायला जाते, त्यापेक्षा पहिला पॅराग्राफ शेवटी लिहा, तोवर आपल्याला काय म्हणायचंय ते आपल्यालाच कळलेलं असतं.

लिहून झालं की मोठ्याने वाचा, जिथे श्वास संपतो तिथे वाक्य तोडा. आणि जमा करायच्या आधी पुस्तक उघडून पात्रांची नावं ताडून बघा, हेन्री की व्हिक्टर, तेवढं तरी.