गल्लीतला वेग मोजायचा कसा आणि त्या आकड्याचं करायचं काय

‘इथे गाड्या फार जोरात जातात’ ही तक्रार रस्ते खात्याकडे रोज येते आणि रोज फाइलला लागते. उत्तरही ठरलेलं: पोलिसांना सांगा. पोलीस म्हणतात, दंड तर करतोच. पण दंड किती मोठा आहे यापेक्षा आपण पकडले जाऊ याची खात्री किती, यावर चालक पाय आवरतो. आणि आतल्या रस्त्यांवर ती खात्री जवळपास नसतेच. कुणाचा जीव गेला तरी ‘निष्काळजीपणा’ आणि ‘बेदरकारपणा’ यांतली रेघ कोर्टात इतकी बारीक असते की प्रकरण सहज हलक्या कलमात बसतं. ब्रिटनमध्ये ३ वर्षांत वाहतुकीच्या गुन्ह्यांचे १२ पॉइंट साचले की लायसन्स एरवी निदान ६ महिने जातं. पण ‘लायसन्स गेलं तर असामान्य हाल होतील’ हे कोर्टाला पटवता आलं, तर ते वाचू शकतं. फिनलंडने वेगाचा दंड उत्पन्नाला बांधला आहे. २०२३ मध्ये ताशी ५० किलोमीटरच्या हद्दीत ८२ ने गेलेल्या एका धनाढ्याला १,२१,००० युरोंचा दंड झाला. उत्तम, पण तो पकडला गेला म्हणून. रस्त्याची बांधणी मात्र रात्री दोन वाजताही ड्यूटीवर असते. ती बदलून घ्यायची तर हातात आकडा हवा, आणि तो काढायला टेप, स्टॉपवॉच आणि दोन माणसं पुरतात.

जागा आणि खुणा

सरळ, सपाट असा टप्पा निवडा. चौक, सिग्नल किंवा आधीचा गतिरोधक निदान १०० मीटर लांब असावा. नाहीतर तुम्ही वेग मोजत नाही, ब्रेक मोजता. टेपने ५० मीटर मोजून दोन्ही टोकांना खूण करा. पावलांनी मोजू नका, ५० मीटरला चार-पाच मीटरची चूक सहज होते आणि पुढचे सगळे आकडे तेवढेच वाकडे जातात.

टप्पा लहान घेण्याचा मोह टाळा. बोटाची चूक साधारण ०.२ सेकंदांची असते. ५० च्या वेगाने जाणारी गाडी ५० मीटर ३.६ सेकंदांत कापते. चूक धरून आकडा ४७ ते ५३ च्या मध्ये राहतो. २० मीटरवर तीच चूक ४४ पासून ५८ पर्यंत भरकटवते.

नुसती जमिनीवरची खूण पुरत नाही. लांबून तिरकं पाहिलं की गाडी खुणेवर कधी आली ते कळतच नाही. म्हणून प्रत्येक टोकाला ‘नजरेची रेघ’ ठरवा: अलीकडचा खांब आणि समोरच्या भिंतीची कड एका ओळीत आणा, पुढचं चाक त्या ओळीत आलं की वेळ घ्या. पहिल्या टोकाचा माणूस हात खाली करतो, दुसऱ्या टोकाचा घड्याळ सुरू करतो आणि आपल्या रेघेवर बंद करतो. हात पाहून बोट दाबायला थोडा उशीर होतो, त्यामुळे वेळ कमी आणि वेग जास्त भरतो. आधी दहा-पंधरा गाड्यांवर सराव करा, ते आकडे फेकून द्या.

वरच्या मजल्याची खिडकी मिळाली तर त्याहून सोपं: दोन्ही रेघा चौकटीत येतील असा फोन पक्का बांधून व्हिडिओ घ्या आणि नंतर थांबवत-थांबवत वेळ वाचा. उजेड कमी झाला की काही फोन स्वतःहून फ्रेमची संख्या बदलतात, तेव्हा संध्याकाळी चालतं स्टॉपवॉचही चौकटीत ठेवा.

हिशेब असा: मीटर × ३.६ ÷ सेकंद. ५० मीटरला म्हणजे १८० ÷ सेकंद. ९ सेकंद लागले तर वेग २०, ६ ला ३०, साडेचारला ४०, ३.६ ला ५०, ३ ला ६०. वहीत ओळी अशा दिसतील:

मोटार, ४.१ सेकंद, ४४
दुचाकी, ३.३ सेकंद, ५५
ट्रक, ५.२ सेकंद, ३५

कुठल्या गाड्या मोजायच्या

पुढच्या गाडीपासून निदान ५ सेकंदांचं अंतर असलेल्याच. रांगेतली गाडी स्वतःच्या मर्जीने धावत नसते. या नियमात बसणारी प्रत्येक गाडी घ्या. ‘ही बघ कशी गेली’ म्हणून वेगवान तेवढ्या टिपल्या तर पहिल्याच बैठकीत मोजणी बाद होते, आणि ते योग्यच. निदान १०० गाड्या हव्यात. कामाच्या दिवशी, कोरड्या रस्त्यावर, गर्दीची वेळ सोडून. चकाकणारं जॅकेट घालून कडेला उभे राहू नका, लोक पोलीस समजून ब्रेक मारतात. झाडाआड उभे राहा, पण डांबरावर पाय नको.

आता १०० आकडे चढत्या क्रमाने लावा आणि ८५ वा पाहा. म्हणजे शंभरातल्या ८५ गाड्या त्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात. वाहतूक अभियंते हाच आकडा वापरतात. यात एक सापळा आहे. हाच आकडा दाखवून ‘लोक ५५ ने जातातच, मग मर्यादा वाढवू’ असंही म्हटलं जातं. त्यामुळे तो एकटा देऊ नका. मर्यादा ओलांडणारे किती टक्के आणि २० ने ओलांडणारे किती, हेही शेजारी लिहा.

आकड्याला माणूस जोडा

प्रतिक्रियेला दीड सेकंद आणि कोरडा रस्ता धरला, तर ३० च्या वेगाची गाडी साधारण १८ मीटरांत थांबते. ५० च्या वेगाची ३५ मीटर घेते, आणि त्यातले पहिले २१ मीटर ब्रेक लागायच्या आधीचे. म्हणजे ३० वाला जिथे पूर्ण थांबलेला असतो, तिथे ५० वाल्याचे ब्रेक लागलेलेही नसतात. तो पूर्ण ५० नेच आदळतो. पत्रात एकच वाक्य वापरायचं असेल तर हे वापरा.

मग रस्त्याची रुंदी मोजा. १४ मीटरचा रस्ता सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पार करायला १७.५ सेकंद लागतात. तेवढ्यात ५० ची गाडी २४३ मीटर पुढे येते. वळणामुळे किंवा उभ्या गाड्यांमुळे तुमच्या क्रॉसिंगवरून ८० मीटरच दिसत असेल, तर तिथे ‘नीट बघून ओलांडा’ या सल्ल्याला काही अर्थ नाही.

पायी आणि सायकलवरची माणसंही १५-१५ मिनिटांनी मोजा; मुलं आणि वृद्ध वेगळे. आकडा लहान आला तर ‘इथे कुणी ओलांडतच नाही’ असं उत्तर येणार. त्यासाठी पुरावा आधीच गोळा करा: दुभाजकाची वाकवलेली जाळी, हिरवळीत पडलेली पायवाट, मुलांना दीड किलोमीटरवर गाडीने सोडायला येणाऱ्यांची संख्या.

काय मागायचं

‘काहीतरी करा’ म्हटलं की फलक लागतो. एक जागा, एक उपाय मागा.

ओलांडायच्या जागी: फुटपाथच्या पातळीला आणलेलं, साधारण १० सेंटिमीटर उंच क्रॉसिंग. रस्ता रुंद असेल तर मध्ये निदान २ मीटर रुंदीचं थांब्याचं बेट. त्याहून अरुंद बेटावर सायकलचं मागचं चाक रस्त्यात राहतं. क्रॉसिंगच्या आधी ५-६ मीटर पार्किंग बंद, नाहीतर मूल दिसतं तेच बोनेटसमोर.

गतिरोधक मागताना आकार लिहा. ३.७ मीटर लांब, १० सेंटिमीटर उंच, गोलसर माथ्याचा उंचवटा २५-३० ने आरामात पार होतो. हातभर रुंदीची ताठ पट्टी सायकलस्वाराला आपटवते आणि जड गाडी तिच्यावरून दणकत जाते. दोन उंचवट्यांत १०० मीटरच्या वर अंतर नको, मधल्या जागेत लोक वेग भरून काढतात. कडेला पाण्याला वाट हवी, पण दुचाकी घुसेल इतकी नाही.

कोपऱ्याची त्रिज्या १० मीटरवरून ४ वर आणली की वळणारी गाडी आपोआप मंदावते. हे काम स्वस्त आहे आणि फार कमी लोक मागतात.

सायकलसाठी जागा कुठून आणायची? ३.५ मीटरच्या चार लेन ३ मीटरच्या केल्या की २ मीटर सुटतात. एका दिशेचा मार्ग झाला. दुसऱ्या दिशेसाठी एका बाजूचं पार्किंग काढावं लागतं, आणि भांडण तिथेच होतं. उभ्या गाड्या आणि धावत्या गाड्या यांच्या मधला नुसत्या रंगाचा पट्टा घेऊ नका. उघडलेलं दार जवळपास मीटरभर बाहेर येतं आणि चुकवायला गेलेला सायकलस्वार मागून येणाऱ्या गाडीपुढे जातो. मार्ग फुटपाथला लागून, पार्किंग त्याच्या बाहेर, मध्ये दाराएवढी जागा.

‘असं कुठे होतं का’ या प्रश्नासाठी दोन नोंदी खिशात ठेवा. रस्ता सुरक्षेवरच्या फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात माणसं आणि गाड्या मिसळतात तिथे ३० ची मर्यादा धरली आहे. हेलसिंकीत बरेच रस्ते ३० वर आले आणि २०१९ मध्ये तिथे एकही पादचारी गाडीखाली मेला नाही.

पत्र एका पानाचं करा, फोटो आणि मोजणीची पानं जोडा, लेखी उत्तर मागा. रस्ता नेमक्या कुठल्या खात्याकडे आहे हे आधी शोधा. चुकीच्या टेबलावर गेलेलं पत्र परत येत नाही.

काम झालं की लगेच मोजू नका, पहिले काही आठवडे लोक नव्या गोष्टीला बिचकून हळू जातात. तीन महिन्यांनी तेच ५० मीटर, तोच वार, तीच वेळ. शिवाय दोन उंचवट्यांच्या मध्येही मोजा. शेजारच्या समांतर गल्लीतली मोजणी मात्र काम सुरू व्हायच्या आधीच करून ठेवा. ‘गाड्या तिकडे ढकलल्या’ हा आक्षेप येतोच, आणि आधीचा आकडा नसेल तर त्याला उत्तर देता येत नाही.