एकहार्ट इंग्रजीतून वाचताना मी कुठे अडकले

ख्रिस्ती गूढवादी लेखकांचं लिखाण इंग्रजी भाषांतरातून वाचायला नुकतीच सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहितेय. एकहार्ट म्हणजे मध्ययुगातला जर्मन ख्रिस्ती गूढवादी आणि तेरेसा म्हणजे सोळाव्या शतकातली स्पॅनिश संन्यासिनी, एवढं पुरे, आणि ज्या एका गोष्टीत माझे सात-आठ महिने गेले तीच आधी सांगते.

अप्पा बळवंत चौकात मला एकहार्टचं 1941 सालचं एक अमेरिकन भाषांतर जुन्या पुस्तकांत मिळालं. त्यातला एक छोटा निबंध मी त्यातूनच वाचला आणि प्रवचनं मात्र दुसऱ्या, नंतरच्या भाषांतरातून. निबंधात सगळीकडे 'डिसइंटरेस्ट', प्रवचनांत 'डिटॅचमेंट'. मी वहीत दोन वेगळ्या ओळी केल्या, एकीसमोर उदासीनता लिहिलं, दुसरीसमोर वैराग्य, आणि मग या दोन पायऱ्या आहेत, आधी वैराग्य येतं नंतर उदासीनता, असं सगळं रचत गेले, पानंच्या पानं भरली. पुढे त्या दुसऱ्या भाषांतराचा पुढचा खंड हातात आला, त्यात तोच निबंध होता, तीच सुरुवात, हा गुण प्रेमापेक्षाही वरचा आहे हे तेच म्हणणं, आणि शब्द मात्र डिटॅचमेंट. मूळ जर्मन शब्द एकच, आब्गशीडनहाइट. सगळ्यापासून सुटून बाजूला झालेली अवस्था. माझ्या दोन पायऱ्या एकहार्टच्या नव्हत्याच, त्या दोन भाषांतरकारांच्या होत्या. त्या रात्री मला खरंच रडू आलं.

यात इंग्रजीचा दोष म्हणावा तर तसंही नाही. डिसइंटरेस्टचा जुना अर्थ स्वतःचा स्वार्थ न गुंतलेला असा आहे. आपल्याकडेही गीतेतला 'उदासीन' म्हणजे तटस्थ आणि आपण रोज बोलतो तो उदासीन म्हणजे कशातच रस नसलेला. मी इंग्रजी शब्द आजच्या अर्थाने वाचला, त्यावर मराठी शब्दही आजच्या अर्थाने ठेवला, म्हणजे दोनदा घसरले.

याहून मोठी घसरण 'सोल' या शब्दावर झाली, आणि ही तुमचीही होणार, म्हणून जरा लांबण लावते. सोल दिसला की आपलं डोकं आपोआप आत्मा म्हणतं. आता बघा, 27 मार्च 1329 ला पोप जॉन बाविसावा याने एकहार्टच्या 28 विधानांवर आक्षेप घेणारं फर्मान काढलं, तोवर एकहार्ट वारला होता. त्यातलं एक विधान असं की सोलमध्ये असं काहीतरी आहे जे निर्माण केलेलं नाही आणि करताही येणार नाही. मी हे वाचलं आणि मला कळेचना की यात एवढं चिडण्यासारखं काय आहे, आत्मा तर अजन्माच असतो, 'न जायते म्रियते' लहानपणापासून ऐकलंय! पण ख्रिस्ती विचारात सोल ही देवाने निर्माण केलेली गोष्ट आहे, निर्माता आणि निर्मिती यांच्यात फार मोठी दरी आहे, आणि हा माणूस म्हणतोय की त्या दरीच्या अलीकडे, आपल्या बाजूला, निर्माण न झालेलं काहीतरी आहे. केवढं धाडस आहे ते! आत्मा हा शब्द ठेवला की हे धाडस दिसतच नाही.

मला सुरुवातीला एक गृहस्थ मार्गदर्शन करायचे, प्रत्येक वेळी म्हणायचे, अहो हे तर आपलं अद्वैतच. माझं स्पष्ट मत आहे, पहिल्याच महिन्यात 'सगळं एकच आहे' सांगणाऱ्या माणसाकडून हे शिकू नका. साम्य असेलही, पण ते दोन्हीकडचं नीट वाचल्यावर बोलायचं. एकहार्टच्या सुट्या वाक्यांचे फोटो आणि दहा मिनिटांत एकहार्ट सांगणारे व्हिडिओ तर बंदच करा.

घाबरू मात्र नका, लॅटिन किंवा जुनी जर्मन शिकायची अजिबात गरज नाही, मलाही येत नाही. एकच उतारा दोन भाषांतरांतून शेजारी शेजारी वाचा, जिथे शब्द बदलतो तिथे थांबा. वहीत मराठी प्रतिशब्द लगेच लिहू नका, सोलला सोलच राहू द्या. प्रस्तावना वाचाच, भाषांतर कुठल्या प्रतीवरून केलंय ते तिथे असतं. नेटवर फुकट मिळणारी एकहार्टची जुनी भाषांतरं बहुतेक 1857 च्या फायफरच्या संग्रहावरून आहेत आणि त्यातली काही प्रवचनं एकहार्टचीच आहेत याची खात्री नंतरच्या अभ्यासकांना देता आलेली नाही. हर्मिस या पौराणिक ऋषीच्या नावावरच्या जुन्या गूढ ग्रंथांचंही तसंच, 1906 चं मीडचं भाषांतर वाचताना तो थिऑसॉफिस्ट होता, थिऑसॉफी चळवळीची संस्थापक ब्लाव्हाट्स्की हिचा सेक्रेटरी होता, हे डोक्यात ठेवा.

सुरुवात 'क्लाउड ऑफ अननोइंग' या पुस्तकाने करा असं मी सांगेन. चौदाव्या शतकातलं, लेखक अनामिक, आणि मूळच जुन्या इंग्रजी वळणाचं असल्याने मधला एक पडदा कमी. त्यात एकच छोटा शब्द धरून राहायला सांगितलंय, तिथे लगेच नामस्मरण आठवेल, आठवू दे, पण वहीत लिहायची घाई नको. मग तेरेसाचा 1577 मधला सात महालांचा किल्ला. ब्योमे या नंतरच्या जर्मन गूढवाद्याला निदान वर्षभर हात लावू नका, मी दोनदा चाळीस पानांवर सोडलाय, तिसऱ्यांदा आता दिवाळीनंतर घेणार आहे.