कर्नल कोडमधली नल-तुलना: चेकपॅचला काय दिसतं, काय निसटतं

पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारा व्हेरिएबल, इथे ‘पीटीआर’) नल म्हणजे रिकामा आहे का, हे पाहताना लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) बऱ्याच भागांत ‘पीटीआर == नल’ ऐवजी ‘!पीटीआर’ आणि ‘पीटीआर != नल’ ऐवजी नुसतं ‘पीटीआर’ लिहितात. हे तपासायला कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्येच चेकपॅच ही पर्ल स्क्रिप्ट असते. हा नियम एरर किंवा वॉर्निंग नव्हे, त्याखालच्या ‘चेक’ पातळीचा आहे. नेट, ड्रायव्हर्स/नेट आणि ड्रायव्हर्स/स्टेजिंग (अजून सुधारणा हव्या असलेल्या ड्रायव्हर्सचा फोल्डर) इथे तो आपोआप लागू होतो. इतरत्र --स्ट्रिक्ट द्यावं लागतं, नाहीतर ‘एकही तक्रार नाही’ असं वाटून फसायला होतं.

शेवटचा कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) तपासायचा तर:

./स्क्रिप्ट्स/चेकपॅच.पीएल --स्ट्रिक्ट -जी हेड

पूर्ण फाइल हवी असेल तर -एफ आणि फाइलचं नाव. फक्त हाच नियम हवा तर सोबत --टाइप्स कंपॅरिझन_टू_नल.

--फिक्स दिलं की दुरुस्त मजकूर वेगळ्या फाइलीत येतो, --फिक्स-इनप्लेस मूळ फाइलच बदलतं. पहिलंच वापरा. चेकपॅच फक्त मजकूर वाचतं, टाइप त्याला कळत नाहीत. इंट (पूर्णांक) परत करणाऱ्या फंक्शनात ‘रिटर्न पी != नल;’ असेल तर त्याचं ‘रिटर्न पी;’ होतं आणि कंपायलर पॉइंटरचा पूर्णांक केल्याबद्दल ओरडतो. तिथे मूळ तुलनाच राहू द्या. पॉइंटरआधी तारा (*) असेल तर उद्गारचिन्ह ताऱ्याच्याही आधी बसलंय ना, हे डोळ्यांनी पाहा.

‘नल == पी’ असं उलटं लिहिलेलं या नियमात सापडत नाही; त्यावर स्थिरांक उजवीकडे ठेवा असं वेगळं वॉर्निंग येतं. पॉइंटरची 0 शी तुलना मात्र चेकपॅचला ओळखताच येत नाही, कारण त्यासाठी टाइप लागतो. ते काम कोक्सिनेलचं, म्हणजे सी कोडची रचना समजून त्यात नमुने शोधणाऱ्या टूलचं:

मेक कोक्सीचेक मोड=रिपोर्ट कोक्सी=स्क्रिप्ट्स/कोक्सिनेल/नल/बॅडझीरो.कोक्सी

एकाच फोल्डरपुरतं हवं तर एम= जोडा. स्पार्स (कर्नलचा सी कोड न चालवता तपासणारं आणखी एक टूल) बसवलेलं असेल तर ‘मेक सी=2’ सगळ्या फाइली तपासतं; ‘सी=1’ फक्त नव्याने कंपाइल होणाऱ्या.

या बदलाने वागणूक बदलायला नको. म्हणून आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल होऊन तयार झालेली) ऑब्जडंप -डी ने असेंब्लीत उलगडून डिफ घ्या, म्हणजे दोन्हींतला फरक पाहा. फरक दिसलाच तर पॅच पाठवण्याआधी कारण शोधा. आणि चालू असलेल्या जुन्या कोडवर निव्वळ असे पॅच पाठवू नका, बहुतेक मेंटेनर (त्या भागाची जबाबदारी असलेले लोक) ते परत करतात. सरावाला स्टेजिंग आहेच.