फॉस्फेट बफरमध्ये फॉस्फटेज

नाशकात एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षी मी कायनेजवर अख्खी वही भरली होती आणि फॉस्फटेजवर जेमतेम अर्धं पान. दोन्ही एन्झाइमच; कायनेज रेणूवर फॉस्फेट चढवतो, फॉस्फटेज तो उतरवतो, त्यात काय वाचायचं!

खोड मोडली प्रॅक्टिकलला. अल्कलाइन फॉस्फटेजचा साधा प्रयोग. पीएनपीपी या रंगहीन रसायनाचा फॉस्फेट तुटला की पिवळा रंग येतो, तो 405 नॅनोमीटरला मोजायचा. शेजारणीची ट्यूब हळदीच्या पाण्यासारखी, माझी मात्र फिक्कट. पुन्हा केला, तेच. मग मॅडमनी विचारलं, "बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) कुठला घेतलास गं?" फॉस्फेट बफर! फ्रिजमध्ये आयता होता म्हणून. एक तर पीएच 7 च्या आसपास, एन्झाइमला हवा 10 च्या जवळपास. त्यात फॉस्फेट म्हणजे याच एन्झाइमचा प्रॉडक्ट. तो ॲक्टिव्ह साइट, म्हणजे एन्झाइमची काम करायची जागाच, अडवून बसतो. ग्लायसिन बफर घेतला आणि पाच मिनिटांत रंग आला.

त्यानंतर 'बंद करणारे' नीट वाचायला घेतले. निफाडला आमच्या मळ्यात रात्री लाईट आली की ऑटोस्विच मोटर आपसूक चालू करतो. बंद करायला कुणी उठलं नाही, तर सकाळी कांद्याच्या वाफ्यात तळं. पेशीतही तसंच. पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या रास प्रथिनाला स्वतःला चिकटलेला जीटीपी रेणू तोडून स्वतः बंद होता येतं, पण फार सावकाश. त्याला मदत करणारी गॅप प्रथिनं आली की ते काम झटक्यात होतं. रासमधलं बाराव्या जागचं अमिनो आम्ल, ग्लायसिन, बदललं की गॅपचंही चालत नाही. रास चालूच राहतो, आणि कित्येक कॅन्सरमध्ये हेच सापडतं.

नेट परीक्षेच्या चौथ्या युनिटसाठी पीटेन आणि पीटीपी1बी हे दोन फॉस्फटेज सोडू नका. 1997 मध्ये सापडलेला पीटेन मुख्यतः पीआयपी3 या लिपिडवरचा फॉस्फेट काढतो, प्रथिनावरचा नाही; तोंडी परीक्षेत इथेच पाय घसरतो (माझा घसरला). पीटीपी1बी इन्सुलिन रिसेप्टर शांत करतो. 1999 मध्ये त्याचं जनुक काढलेले उंदीर चरबीदार खाऊनही फारसे लठ्ठ झाले नाहीत.

प्रोजेक्टला लागलात तर एक गोष्ट. पेशी फोडल्यावरही फॉस्फटेज थांबत नाहीत, म्हणून सगळं बर्फावर करायचं आणि फॉस्फटेजना अडवणारं सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट घालायचं. ते नुसतं विरघळवून भागत नाही. पीएच 10 ला आणा, उकळा, गार करून पुन्हा पीएच बघा. द्रावण पाण्यासारखं होईपर्यंत हेच. इथे पिवळा रंग दिसला, तर काम अजून बाकी आहे.