उघड्यावरील घोडेस्वारीचे मैदान : बांधकामापूर्वीची तयारी

सर्वप्रथम मैदान कशासाठी हवे आहे हे लिहून काढावे, कारण आकार, वाळू आणि खर्च ही तिन्ही त्यावरच ठरतात. ड्रेसाजच्या (घोड्याकडून ठरावीक, शिस्तबद्ध चाली करून घेण्याच्या प्रकाराच्या) सरावाला २० बाय ४० मीटर जागा चालते, पूर्ण मापाचे मैदान २० बाय ६० मीटरचे असते. अडथळ्यांवरून उड्यांचा सराव करायचा असल्यास मात्र २० मीटर रुंदी तोकडी पडते, कारण उडीनंतर घोड्याला सावरून वळण्यास जागा लागते. ही मापे कुंपणाच्या आतली आहेत. चर, भरावाची उतरंड आणि ट्रॅक्टरची वाट यांसाठी चहूबाजूंनी आणखी काही मीटर धरावेत.

जागा निवडताना ती भर पावसात एकदा पाहावी. पाणी कोठून येते, कोठे साचते आणि शेवटी कोठे जाते, हे त्या वेळी जसे कळते तसे कोरड्या दिवसांत कोणत्याही नकाशावरून कळत नाही. सखल खोलगट भाग टाळावा. परिसरापेक्षा किंचित उंच जागा सर्वांत चांगली. वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, जमिनीखालील नळ आणि केबल, वाऱ्याची दिशा व शेजाऱ्यांकडे जाणारी धूळ यांची नोंद करावी. मोठी झाडे अगदी कडेला नसावीत, कारण मुळे पाया उचकटतात आणि गळलेली पाने वाळूत कुजून तिचा निचरा बिघडवतात. बांधकामाची व पाणी बाहेर सोडण्याची परवानगी लागत असल्यास ती ठेकेदार ठरवण्याआधीच हाती असावी.

यानंतरचा भाग जमिनीखाली जाणारा आहे आणि सर्वाधिक लक्ष व पैसा त्यालाच द्यावा. वरची सुपीक माती पूर्ण काढून टाकावी, कारण ती ओलाव्याने फुगते आणि दबते. भराव घालायचा असल्यास तो पातळ थरांत, योग्य ओलावा राखून, प्रत्येक थरावर रोलर फिरवून घालावा. एकदम ओतलेला भराव पुढे असमान खचतो. पृष्ठभागाला साधारण १ ते २ टक्के उतार द्यावा. २० मीटर रुंदीत १ टक्का म्हणजे २० सेंटिमीटरचा फरक होतो. तो घोड्याला जाणवत नाही, पाण्याला मात्र पुरतो. वरच्या बाजूचे पाणी अडवून वळवणारा चर वेगळा खणावा आणि मैदानाच्या कडेने खडीत बसवलेले छिद्रांचे पाइप घालून त्यांचा शेवट नक्की कोठे होणार हे आधीच ठरवावे.

मातीवर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी झिरपू देणारे, पण माती व खडी एकमेकांत मिसळू न देणारे कृत्रिम कापड) अंथरून त्यावर टोकदार कडांच्या खडीचा, दबाईनंतर १० ते १५ सेंटिमीटर जाडीचा पाया घालावा. गोल गोटे एकमेकांत अडकून बसत नाहीत, ते खुरांखाली सरकतात. २० बाय ६० मीटरसाठी १५ सेंटिमीटर जाडी धरल्यास दबलेली खडी १८० घनमीटर भरते, त्यामुळे मागणी सैल मापाने याहून अधिक नोंदवावी लागते. पैसे कमी पडत असतील तर दिवे, आरसे, शोभेचे कुंपण पुढे ढकलावे. पायात काटकसर करू नये, कारण तो दुरुस्त करायचा म्हणजे वरची सगळी वाळू उचलावी लागते.

वाळू धुतलेली, कठीण आणि किंचित कोनेदार कणांची असावी. गोल कणांच्या वाळूत पाय घसरतो, बारीक मातीने भरलेली वाळू पावसात चिखल आणि उन्हात धूळ होते. समुद्राची वाळू खारटपणामुळे वर्ज्य समजावी. खरेदीपूर्वी नमुना मागवून ओला आणि कोरडा, दोन्ही अवस्थांत दाबून पाहावा. पहिला थर पाच-सहा सेंटिमीटरचाच ठेवावा. कमी वाटल्यास नंतर भर घालता येते, परंतु खोल सैल वाळू घोड्याच्या पायांतील स्नायुबंधांवर ताण आणते आणि जादा वाळू काढणे हे कंटाळवाणे काम आहे.

कुंपणाचे आडवे वासे खांबांच्या आतल्या बाजूला बसवावेत, म्हणजे स्वाराचा गुडघा खांबाला लागत नाही. काटेरी तार कदापि वापरू नये. फाटक ट्रॅक्टर आणि वाळूचा ट्रक आत येईल इतके रुंद असावे. कडेला पाण्याचा नळ आणि वाळू सारखी करण्याच्या अवजारासाठी छप्पर, या दोन्हींची जागा आराखड्यातच दाखवावी. कोरड्या दिवसांत पाणी मारण्याची सोय नसेल, तर चांगली वाळूही धुळीच्या रूपाने घोड्याच्या आणि स्वाराच्या छातीत जाते.