घरगुती पाळणाघराचा दैनंदिन दर कसा ठरवावा

घरी पाळणाघर सुरू करताना पहिला दर बहुधा शेजारपाजारी चौकशी करून ठरतो. आसपास जो दर चालू असेल त्याहून थोडा कमी सांगितला की मुले मिळतील, असा त्यामागचा विचार असतो, आणि मुले मिळतातही. मात्र तो दर दुसऱ्या कोणाच्या घरभाड्यावर, दुसऱ्या कोणाच्या वेळेवर आणि दुसऱ्या कोणाच्या पटसंख्येवर बेतलेला असतो. त्यामुळे दिवसभर राबूनही महिनाअखेरीस हाती फारसे का उरत नाही, याचे उत्तर त्यात सापडत नाही. दर आपल्याच हिशेबातून काढावा आणि बाजारभाव त्यानंतर पाहावा. हा क्रम उलटू देऊ नये.

या हिशेबात सर्वाधिक चुका खर्च मोजताना होत नाहीत, त्या खर्चाला कशाने भागायचे हे ठरवताना होतात. म्हणून पुढील मांडणीत भागाकाराला अधिक जागा दिली आहे. उदाहरणातील आकडे कल्पित असून, आपल्या श्रमाच्या एका तासाचे मोल १०० धरले आहे, म्हणजे हीच रीत कोणत्याही चलनाला लावता येईल.

आधी दिवस मोजावेत

वर्षाचे दिवस ३६५. आठवड्यातून दोन दिवस पाळणाघर बंद राहणार असेल तर १०४ दिवस वजा होऊन २६१ उरतात. त्यातून सणावाराच्या आणि सार्वजनिक सुट्ट्या १२ आणि स्वतःची रजा व आजारपण मिळून १५ दिवस वजा केले की प्रत्यक्ष कामाचे २३४ दिवस राहतात. स्वतःच्या रजेचे दिवस अनेकजणी धरतच नाहीत. लहान मुलांच्या सहवासात सर्दी, ताप आणि पोटाचे विकार घरात येतातच, आणि आजारी असताना दुसऱ्याची मुले सांभाळणे मुलांच्याही हिताचे नसते. त्यामुळे हे दिवस पहिल्यापासूनच वजा करावेत.

स्वतःच्या श्रमाचे मोल धरावे

दर ठरवण्यापूर्वी एक पूर्ण आठवडा वही जवळ ठेवून कामाची नोंद करावी. पहिले मूल येण्याआधी फरशी पुसणे, चटया अंथरणे, कोपऱ्यांवरची टोके आणि विजेची बटणे तपासणे. शेवटचे मूल गेल्यावर खेळणी धुऊन वाळत घालणे, ओली दुपटी भिजवणे, दुसऱ्या दिवसाच्या खाण्याची तयारी करणे. रात्री पालकांचे फोन आणि हजेरी. ही कामे वहीत उतरली की पाळणाघराचा दहा तासांचा दिवस प्रत्यक्षात साडेअकरा तासांचा आहे, हे कागदावर दिसते. २३४ दिवसांचे असे २,६९१ तास होतात. आठवड्याला तीन तास हिशेब व खरेदीचे धरले तर ४८ आठवड्यांचे १४४ तास वाढतात, आणि एकूण २,८३५ तास भरतात. तासाला १०० या हिशेबाने श्रमाचे मोल २,८३,५०० झाले.

तासाचे मोल किती धरावे, यासाठी आपल्याच भागात पगारी बालसंगोपनाच्या कामाला मिळणारे वेतन पाहावे आणि कायद्याने ठरलेल्या किमान वेतनाच्या खाली उतरू नये. ‘मी घरीच तर असते’ हे कारण पुढे करून स्वतःचे वेतन शून्य धरण्याची प्रवृत्ती फार बळकट आहे, आणि ती या व्यवसायाचे खरे नुकसान करते. उद्या मदतनीस ठेवावी लागली तर तिला वेतन द्यावेच लागेल, आणि शून्य वेतनावर बेतलेल्या दरात तिच्यासाठी पैसा कोठून येणार?

घराच्या खर्चातील वाटा

भाडे, वीज, पाणी, इंटरनेट हे खर्च घराचे आणि पाळणाघराचे एकत्रच होत असतात, म्हणून त्यांतील वाटा जागा आणि वेळ या दोन्हींच्या गुणाकाराने काढावा. समजा घराचा ४० टक्के भाग मुलांसाठी वापरला जातो. तो भाग वर्षाच्या ८,७६० तासांपैकी २,६९१ तास, म्हणजे सुमारे ३१ टक्के वेळ वापरात असतो. ४० टक्क्यांचे ३१ टक्के म्हणजे साधारण १२ टक्के. घराच्या सामाईक खर्चाचा एवढा वाटा पाळणाघराच्या नावावर टाकावा. वीज आणि पाणी दिवसा मुलांमुळे स्पष्टपणे वाढत असेल, तर पाळणाघर सुरू होण्यापूर्वीचे आणि नंतरचे बिल शेजारी ठेवून वाढलेला फरक धरणे अधिक रास्त ठरते.

याशिवाय परवाना किंवा नोंदणी, विमा, प्रथमोपचाराचे साहित्य व प्रशिक्षण, खेळणी, पुस्तके, गाद्या, दुरुस्ती आणि अडचणीच्या दिवशी बोलवायच्या मदतनिसाचे मानधन यांची वर्षाची बेरीज करावी. पाच वर्षे टिकणाऱ्या वस्तूची किंमत पाच वर्षांत विभागावी. उदाहरणात घराच्या वाट्यासह ही सारी बेरीज ८०,५०० धरू. श्रमाचे मोल मिळवले की वर्षाचा स्थिर खर्च ३,६४,००० होतो. मूल आले तरच होणारा खर्च, म्हणजे खाणे, टिश्यू, साबण, रंग-कागद, हा वेगळा ठेवावा. तो प्रत्येक मुलामागे दिवसाला ४० धरू.

भागायचे कशाने

समजा पाळणाघरात सहा मुलांची जागा आहे. सहा जागा आणि २३४ दिवस यांचा गुणाकार १,४०४ होतो. ३,६४,००० ला १,४०४ ने भागले की साधारण २५९ येतात, त्यात ४० मिळवून २९९. आकडा छान दिसतो, आणि बहुतेक जण येथेच थांबतात. पण सहाही जागा वर्षभर भरलेल्या असणे जवळजवळ अशक्य आहे. एखादे मूल शाळेत जाऊ लागते, एखादे कुटुंब दुसरीकडे राहायला जाते, आणि रिकामी झालेली जागा भरायला काही आठवडे जातात. सरासरी पाच जागाच भरलेल्या राहिल्या, तर शुल्क मिळणारे दिवस १,१७० होतात. स्थिर खर्चाचा वाटा दिवसाला ३११ वर जातो आणि दर ३५१ पडतो.

२९९ आणि ३५१ यांतला फरक किरकोळ वाटू शकतो. वर्षभरात मात्र त्याची तूट ६०,००० च्या पुढे जाते. तासाला १०० या मोलाने पाहिले तर ते सहाशेहून अधिक तास, म्हणजे जवळजवळ ५३ दिवसांचे श्रम झाले. ही तूट कोणत्याही बिलात दिसत नाही, ती सरळ सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या वेतनातून जाते. म्हणून भागाकार नेहमी अपेक्षित सरासरी पटसंख्येने करावा, आणि नव्याने सुरू होणाऱ्या पाळणाघराने पहिल्या वर्षी ती आणखी कमी धरावी.

येथेच दुसरा निर्णय घ्यावा लागतो: शुल्क राखून ठेवलेल्या जागेचे घ्यायचे की प्रत्यक्ष हजेरीचे? हजेरीवर घ्यायचे ठरवले आणि मुलांचे १० टक्के दिवस खाड्यात गेले, तर शुल्क मिळणारे दिवस १,१७० वरून १,०५३ वर येतात, आणि दर ३५१ ऐवजी ३८६ च्या आसपास ठेवावा लागतो. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत. दर मात्र प्रत्येकीचा वेगळा असला पाहिजे. माझे मत जागेच्या शुल्काच्या बाजूने आहे, कारण मूल गैरहजर असले तरी ती जागा दुसऱ्याला देता येत नाही, शिवाय हजेरीनुसार पैसे कापले जात नसल्याने आजारी मुलाला घरी ठेवण्यात पालकांचीही ओढाताण कमी होते. मात्र आपण स्वतः पाळणाघर बंद ठेवले त्या दिवसाचे शुल्क घेऊ नये. वरच्या हिशेबात ते दिवस आधीच वजा केलेले आहेत.

शेवटी अडीअडचणीसाठी ५ ते १० टक्के राखीव रक्कम मिळवावी. ३५१ वर ७ टक्के धरले तर ३७५ च्या जवळपास पूर्ण दिवसाचा दर निश्चित होतो. मिळकतीवर कर भरावा लागत असेल तर तासाचे मोल ठरवतानाच त्याचा विचार केलेला असावा.

तान्ही बाळे, अर्धा दिवस आणि सुटे दिवस

सर्व वयांसाठी एकच दर ठेवल्यास मोठ्या मुलांचे पालक नकळत तान्ह्या बाळांच्या देखभालीचा भार उचलतात. तान्ह्याला प्रत्येक वेळी हातात घेऊन भरवावे लागते, दिवसातून अनेकदा लंगोट बदलावे लागतात आणि त्याच्या झोपेच्या वेळा इतरांशी जुळत नाहीत. अनेक ठिकाणचे नियमही हे मान्य करतात. इंग्लंडमध्ये घरी मुले सांभाळणाऱ्या एका व्यक्तीला आठ वर्षांखालील सहा मुले घेता येतात, पण त्यांत पाच वर्षांखालील साधारणपणे तीन आणि एक वर्षाखालील एकच मूल असावे लागते. आपल्या भागातील मर्यादा प्रथम पाहून घ्यावी, आणि मग एक प्रश्न स्वतःला विचारावा: हे बाळ घेतल्यामुळे मला किती मुलांना नाही म्हणावे लागेल? एका बाळामुळे दीड जागा अडत असेल तर स्थिर खर्चाचा वाटाही दीडपट लावणे न्याय्य आहे. एवढी वाढ पालकांना पेलणार नसेल तर सव्वापट धरून उरलेला भार इतर जागांवर पसरावा, पण तसे करत आहोत याची नोंद आपल्या वहीत असू द्यावी.

अर्ध्या दिवसाचा दर पूर्ण दिवसाच्या निम्मा नसावा. सकाळी येणारे मूल दुपारी गेले की उरलेला अर्धा दिवस घेणारे दुसरे मूल बहुधा मिळत नाही. पूर्ण दराच्या ६० ते ६५ टक्के, म्हणजे ३७५ ला साधारण २२५ ते २४५, हे प्रमाण मला योग्य वाटते. सकाळचे आणि दुपारचे अशी दोन मुले एकाच जागेवर जुळली, तर दर खाली आणायला हरकत नाही. आठवड्यातील ठरावीक दोनतीन दिवसांच्या मुलांनाही हेच लागू होते. आयत्या वेळी, एखाद्याच दिवसासाठी येणाऱ्या मुलाचा दर १५ ते २५ टक्के अधिक ठेवावा, कारण नवख्या मुलाला रुळवण्यात त्या दिवशी जास्त लक्ष जाते.

भावंडांना सवलत द्यायची झाल्यास ती दोघांपैकी कमी दर असलेल्या मुलाच्याच शुल्कात, ५ ते १० टक्क्यांच्या मर्यादेत द्यावी. दोन भावंडे दोन जागा घेतात. पालकांशी बोलणे आणि हिशेब ठेवणे तेवढे एकदाच करावे लागते, आणि सवलत तेवढ्यापुरतीच असावी.

उशिराचे शुल्क

बंद होण्याची वेळ उलटून गेली आहे; एकच मूल पायांत बूट घालून, दप्तर आणि पाण्याची बाटली मांडीवर घेऊन दारापाशी बसले आहे, आणि प्रत्येक वाहनाच्या आवाजासरशी मान वर करते आहे. त्याला सोडून चटया धुवायला जाता येत नाही, स्वतःच्या घरच्या कामाला लागता येत नाही, आणि त्या मुलालाही एकटेपण जाणवत असते. म्हणून उशिराचे शुल्क दर १५ मिनिटांवर असावे आणि नेहमीच्या तासाच्या हिशेबाहून स्पष्टपणे अधिक असावे, दुप्पट ठेवले तरी चालेल. पहिल्या एखाद्या प्रसंगी सूट द्यावी. त्यानंतर नियम सर्वांना सारखा लावावा, नाहीतर वेळेवर येणाऱ्या पालकांवर अन्याय होतो.

आता बाजारभाव पाहावा

स्वतःचा आकडा हाती आल्यावर आसपासच्या पाच-सहा पाळणाघरांचे दर विचारावेत. दर विचारताना त्यात खाणे धरलेले आहे का, किती तासांना पूर्ण दिवस म्हणतात, सुट्टीचे शुल्क घेतात का आणि एका व्यक्तीकडे किती मुले असतात, हेही विचारावे. चौकशी करणे ठीक आहे, पण सर्वांनी मिळून एकच दर ठरवणे अनेक देशांत स्पर्धा कायद्याच्या विरुद्ध जाते, त्यापासून दूर राहावे. मुलांसाठी सरकारी अनुदान मिळत असेल तर त्यासोबत दराची काही मर्यादा येते का, तेही तपासावे.

आपला दर बराच वर गेला तर प्रथम खर्चाच्या बाजू पाहाव्यात: खाणे घरून आणायला सांगता येईल, दिवस अर्ध्या तासाने लवकर संपवता येईल, रिकामी जागा लवकर भरण्यासाठी प्रतीक्षा यादी ठेवता येईल. सरासरी पटसंख्या पाचवरून साडेपाचवर आली तरी दर जवळपास २८ ने खाली येतो. स्वतःच्या तासाचे मोल कमी करण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

दरपत्रक आणि दरवाढ

ठरलेले सारे एका पानावर लिहावे आणि प्रवेशाच्या वेळी पालकांची सही घ्यावी. वेळा, दरात काय समाविष्ट आहे, शुल्क आगाऊ कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, खाडा आणि सुट्ट्यांचा नियम, उशिराचे शुल्क, अनामत रक्कम आणि मूल काढताना द्यायची दोन ते चार आठवड्यांची पूर्वसूचना, एवढे त्यात असलेच पाहिजे. पैसे मिळाले की पावती द्यावी.

दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष शुल्क मिळालेले दिवस मोजून अंदाजाशी ताडून पाहावेत. १,१७० च्या अंदाजाने तिमाहीत सुमारे २९२ दिवस भरायला हवेत. ते सलग दोन तिमाही २६० च्या खाली राहिले, तर भागाकार पुन्हा करावा. दरवाढ वर्षातून एकदाच, ठरलेल्या महिन्यात करावी आणि पालकांना किमान एक महिना आधी लेखी कळवावी. त्या पत्रात जुना दर, नवा दर, तो लागू होण्याची तारीख आणि वाढलेल्या खर्चाचे एका ओळीतले कारण पुरेसे असते. आधीपासून येणाऱ्या मुलांना जुना दर आणखी एक-दोन महिने चालू ठेवायचा असेल, तर त्याची अंतिम तारीखही त्याच पत्रात लिहावी.